वाचवायचे हे ठरलेले, उतरवायचे कुठे? भूमध्य समुद्रातील बचावाचा वाद

2014 पासून भूमध्य समुद्रात बुडालेल्या किंवा बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांची नोंद 30 हजारांच्या वर गेली आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना ही नोंद ठेवते. ती फक्त कळलेल्या मृत्यूंची आहे. ज्या बोटीतून एकही माणूस वाचला नाही आणि जिचा फोन कुणालाच लागला नाही, ती बोट या आकड्यात धरलेली नाही.

युरोपात या मृत्यूंवरून दहा-बारा वर्षे वाद चालू आहे. आपल्याकडे त्याची बातमी येते ती बहुधा दोन ओळींची: बोट उलटली, इतके मृत, इतके वाचले. त्यामुळे समज असा होतो की एका बाजूला ‘वाचवा’ म्हणणारे आहेत आणि दुसऱ्या बाजूला ‘बुडू द्या’ म्हणणारे. प्रत्यक्षात ‘बुडू द्या’ असे कोणतेही सरकार म्हणत नाही, कारण कायद्याने तसे म्हणताच येत नाही. खरे भांडण पुढच्या प्रश्नांवर आहे. फोन आल्यावर जायचे कुणी? वाचवलेल्यांना कोणत्या देशाच्या धक्क्यावर उतरवायचे? आणि वाचवायला जहाजे ठेवली म्हणून आणखी लोक निघतात का?

कायदा काय सांगतो

1912 साली टायटॅनिक बुडाले. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचे आजचे रूप 1974 चे आहे. जहाजावर काम करणारे लोक त्याला ‘सोलास’ म्हणतात. माणसे संकटात आहेत अशी खबर कुठूनही मिळाली, तरी कॅप्टनने शक्य तितक्या वेगाने तिकडे गेले पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. संकटातील माणूस कोणत्या देशाचा, त्याचा कायदेशीर दर्जा काय, तो कोणत्या परिस्थितीत सापडला, हे विचारायचे नाही. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारातील कलम 98 हेच कर्तव्य प्रत्येक देशावर टाकते: तुमचा झेंडा लावलेल्या जहाजाच्या कॅप्टनला असे वागणे बंधनकारक करा. सवलत एकच आहे. स्वतःचे जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका असेल तर.

मुंबई-कोकणातली कितीतरी मुले मर्चंट नेव्हीत आहेत. त्यांना हे शिकवावे लागत नाही, ते त्यांच्या नोकरीचा भागच आहे.

तिसरा करार 1979 चा, हॅम्बुर्गचा. त्याने जगातले समुद्र शोध आणि बचावाच्या क्षेत्रांत वाटून दिले. प्रत्येक क्षेत्राची जबाबदारी एका किनारी देशाकडे आणि त्या देशात चोवीस तास चालणारे एक समन्वय केंद्र. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. बचावाचे क्षेत्र म्हणजे त्या देशाची हद्द नव्हे. तिथे त्याचे राज्य नसते, जबाबदारी असते. आणि क्षेत्र दुसऱ्याचे आहे म्हणून जवळच्या जहाजाची जबाबदारी संपत नाही.

इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे. गाठ पुढे आहे. वाचवलेल्या माणसाला ‘सुरक्षित जागी’ पोहोचवा असे कायदा सांगतो. पण ती जागा कोणत्या देशाने द्यायची?

हा प्रश्न जगासमोर ठसठशीतपणे आला तो भूमध्य समुद्रात नव्हे, ऑस्ट्रेलियाजवळ. ऑगस्ट 2001 मध्ये ‘टाम्पा’ या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या बोटीतून 430 हून अधिक माणसे उचलली. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते. ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू दिले नाही आणि जहाजावर सैनिक चढवले. शेवटी बऱ्याच जणांना नौरू या लहानशा बेटावर नेण्यात आले. कायदा पाळणारा कॅप्टन माणसांसह समुद्रातच अडकतो, हे या घटनेने दाखवले. म्हणून 2004 मध्ये करारात दुरुस्ती झाली, ती 2006 पासून लागू आहे: ज्याचे बचावक्षेत्र, त्या देशाने सुरक्षित जागा मिळेल हे पाहायचे. माल्टाने ही दुरुस्ती स्वीकारली नाही.

माल्टाचे हे ‘नाही’ किती महाग पडते ते नकाशावर पाहावे. माल्टा 316 चौरस किलोमीटरचा देश, मुंबईपेक्षा लहान. त्याचे बचावक्षेत्र मात्र ट्युनिशियाच्या बाजूपासून क्रीट बेटाच्या दिशेने दूरवर पसरलेले. इटलीचे लांपेदुसा बेटसुद्धा त्याच क्षेत्रात येते. मग माल्टा म्हणतो, जवळचे बंदर लांपेदुसा आहे, तिथे न्या. इटली म्हणते, क्षेत्र तुमचे आहे, तुम्ही घ्या. दोन्ही बाजूंच्या हातात कायद्याचा कागद आहे आणि बोट पाण्यात आहे.

ही ढकलाढकल केवळ मनाच्या कोतेपणाची नाही, तिला व्यवस्थेचे कारण आहे. युरोपीय संघाच्या ‘डब्लिन’ नियमांप्रमाणे, अनधिकृतपणे येणारा माणूस ज्या देशात पहिले पाऊल टाकतो, सामान्यतः त्या देशानेच त्याचा आश्रयाचा अर्ज हाताळायचा असतो. म्हणजे वाचवले इटलीने, उतरवले इटलीने, तर पुढची वर्षेही इटलीचीच. जर्मनी किंवा नेदरलँड्स यांना किनाऱ्यावरच्या देशांना माणुसकीचे धडे देणे सोपे जाते, याचे एक कारण हा नियम आहे. इटलीची ही तक्रार खोटी नाही.

11 ऑक्टोबर 2013

3 ऑक्टोबर 2013 रोजी लांपेदुसाच्या किनाऱ्याजवळ एक बोट पेटून उलटली. 368 मृतदेह मिळाले, बहुतेक इरिट्रियातले. या घटनेची सर्वत्र चर्चा झाली. आठच दिवसांनी झालेल्या दुसऱ्या घटनेची तेवढी झाली नाही, पण वाद समजून घ्यायला तीच अधिक उपयोगी आहे.

त्या बोटीत सिरियातली कुटुंबे होती. बोटीत पाणी शिरत होते. आतल्या एका डॉक्टरने सॅटेलाइट फोनवरून रोमला फोन केले. रोमने सांगितले, माल्टाला करा. माल्टाने सांगितले, तुम्ही लांपेदुसाच्या जवळ आहात. इटलीच्या नौदलाचे ‘लिब्रा’ हे जहाज जवळ होते, त्याला वेळेत पाठवले गेले नाही. बोट उलटली. 200 हून अधिक माणसे गेली, त्यांत 60 मुले होती. जानेवारी 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ठरवले की बोट दुसऱ्याच्या क्षेत्रात होती तरी इटलीने आपले कर्तव्य पाळले नाही. फोन तिच्याकडे आला होता आणि जहाज तिचे जवळ होते. ‘क्षेत्र आमचे नाही’ या उत्तराला मिळालेला हा सर्वात ठळक नकार आहे.

या दोन घटनांनंतर 18 ऑक्टोबर 2013 ला इटलीने ‘मारे नोस्त्रुम’ ही नौदलाची मोहीम सुरू केली. नाव प्राचीन रोमन लोकांचे, ‘आपला समुद्र’ या अर्थाचे. नौदलाची जहाजे लिबियाच्या किनाऱ्याच्या दिशेने पुढे जाऊन थांबत. वर्षभरात सुमारे दीड लाख माणसे वाचवली गेली. खर्च महिन्याला सुमारे 90 लाख युरो. इटलीने युरोपीय संघाकडे वाटा मागितला, तो पुरेसा मिळाला नाही, आणि 31 ऑक्टोबर 2014 ला मोहीम संपली. तिच्या जागी आली ‘ट्रायटन’, युरोपच्या सीमा संस्थेची, म्हणजे फ्रॉन्टेक्सची. तिचा खर्च महिन्याला सुमारे 29 लाख युरो आणि गस्त मुख्यतः इटलीच्या किनाऱ्यापासून 30 सागरी मैलांपर्यंत. उद्देशही वेगळा: सीमेची राखण. बोटी बुडत होत्या त्या लिबियाच्या बाजूला.

‘पुल फॅक्टर’ नावाचा युक्तिवाद

मारे नोस्त्रुम बंद करताना जो युक्तिवाद पुढे आला, तो आजही प्रत्येक चर्चेत येतो. वाचवायला जहाजे उभी आहेत हे कळले की आणखी लोक निघतात, तस्करांचा धंदा वाढतो, आणि शेवटी मृत्यूही वाढतात. याला ‘पुल फॅक्टर’ म्हणतात, ओढून आणणारे कारण. ऑक्टोबर 2014 मध्ये ब्रिटिश सरकारने याच कारणासाठी अशा मोहिमांना पाठिंबा देणार नसल्याचे संसदेत सांगितले.

हा युक्तिवाद हसून उडवण्यासारखा नाही. चळवळीतल्या माणसाला तो ऐकायला आवडत नाही, म्हणून तर तो नीट तपासला पाहिजे.

पहिली तपासणी इतिहासानेच केली. मारे नोस्त्रुम गेली. 2015 चे पहिले चार महिने इटलीकडे येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या त्याच काळाइतकीच राहिली, मृत्यू मात्र अनेक पटींनी वाढले. 18 एप्रिल 2015 च्या रात्री एका मालवाहू जहाजाने मदतीला जाण्याचा प्रयत्न केला. खचाखच भरलेली बोट त्याच जहाजावर आदळून उलटली. सुमारे 800 माणसे गेली, 28 वाचली.

पुढे संशोधकांनी आकडे मांडले. 2023 मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने 2011 ते 2020 या काळातील मध्य भूमध्य समुद्राची आकडेवारी तपासली. बचावमोहिमांमुळे निघणाऱ्यांची संख्या वाढल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. युद्ध, वस्तूंच्या किमती, नैसर्गिक आपत्ती, हवामान या गोष्टींचा परिणाम दिसला. लिबियाच्या तटरक्षकांनी बोटी अडवून परत नेण्याचाही परिणाम दिसला.

पण दुसरा पुरावाही आहे आणि तो झाकून ठेवू नये. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवले की बचावाची जहाजे पुढे आल्यावर तस्करांनी लाकडी होड्या सोडून हलक्या दर्जाच्या रबरी बोटी वापरायला सुरुवात केली आणि खराब हवेतही बोटी सोडल्या. धोका माणसांचा, बचत तस्करांची. म्हणजे बचावाने लोकांना घराबाहेर ओढले नसले, तरी तस्करांचे वागणे बदलले.

माझ्या मते यातून निघणारा निष्कर्ष सरकारांना हवा तो नाही. तस्कर निकृष्ट बोट देतो म्हणून बोटीतल्या माणसाला मदत नाकारणे म्हणजे तस्कराच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या गिऱ्हाइकाला देणे. शिवाय जहाजे काढून घेतल्यावर तस्कर पुन्हा चांगल्या बोटी देऊ लागतात, हे कुणी सिद्ध केलेले नाही.

तरीही धोरण याच युक्तिवादावर चालले. युरोपीय संघाच्या ‘सोफिया’ या नौदल मोहिमेतून मार्च 2019 मध्ये जहाजे काढून घेण्यात आली, विमाने ठेवली. मोहीम चालू, पण समुद्रात जहाज नाही. विमानाला बुडणारा माणूस दिसतो, उचलता येत नाही. आणि जहाज नसले की कॅप्टनवर येणारे कर्तव्यही येत नाही. कायदा न मोडता कायद्यातून सुटण्याचा हा प्रकार आहे. गावकीच्या विहिरीवर पाणी नाकारायचे नाही, फक्त पोहरा काढून घ्यायचा, अशातला.

लिबिया: दुसऱ्याच्या हाताने

2009 मध्ये इटलीने समुद्रात अडवलेल्या लोकांना थेट लिबियात नेऊन सोडले होते. त्यांतील 24 सोमाली आणि इरिट्रियन लोकांचा खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला. 23 फेब्रुवारी 2012 ला निकाल लागला: खुल्या समुद्रात असली तरी माणसे इटलीच्या जहाजावर, म्हणजे इटलीच्या ताब्यात होती, जिथे छळाचा धोका आहे तिथे त्यांना परत नेता येणार नाही.

या निकालावर सापडलेला उपाय साधा होता. परत न्यायचे ते लिबियाच्या जहाजाने. फेब्रुवारी 2017 मध्ये इटलीने लिबियाशी करार केला. बोटी, प्रशिक्षण, पैसा दिला. 2018 मध्ये लिबियाच्या स्वतःच्या बचावक्षेत्राची अधिकृत नोंद झाली. तेव्हापासून त्या क्षेत्रात सापडलेली माणसे लिबियात परत नेली जातात आणि अनेकदा कोठड्यांत टाकली जातात. तिथली मारहाण, खंडणी आणि बलात्कार यांविषयी संयुक्त राष्ट्रांचे अहवाल आहेत. लिबिया ‘सुरक्षित जागा’ नाही असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था वारंवार सांगतात. कागदावर मात्र प्रत्येक परतपाठवणी ‘बचाव’ म्हणून मोजता येते. त्यामुळे बातमीत ‘इतक्या लोकांना वाचवले’ असे वाचले की कुणी वाचवले आणि कुठे नेले, हे पाहावे.

वाचवणाऱ्यांवर खटले

सरकारी जहाजे मागे सरली तशा स्वयंसेवी संस्था पुढे आल्या: सी-वॉच, एसओएस मेडिटेरानी, ओपन आर्म्स, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स. 2017 पासून त्यांच्यावर तस्करांशी संगनमताचे आरोप सुरू झाले. ‘युव्हेंटा’ हे एका जर्मन तरुणांच्या संस्थेचे जहाज ऑगस्ट 2017 मध्ये जप्त झाले. खटला वर्षानुवर्षे चालला आणि एप्रिल 2024 मध्ये त्रापानीच्या न्यायालयाने आरोप रद्द केले. तोपर्यंत जहाज बंदरात सडून गेले होते.

जून 2018 मध्ये इटलीचे गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी सुमारे 630 जणांना घेऊन आलेल्या ‘अक्वेरियस’ला बंदर नाकारले, ते स्पेनमधील वालेन्सियाला गेले. पुढच्या वर्षी ‘सी-वॉच 3’ची कॅप्टन कारोला राकेटे हिने 17 दिवस वाट पाहून मनाई मोडली आणि लांपेदुसाला जहाज लावले. तिला अटक झाली, तीन दिवसांत न्यायाधीशांनी सोडले. 2020 मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला: वाचवलेल्यांना जहाजावर घेतले म्हणजे बचाव पूर्ण होत नाही, जहाजाचा डेक ही ‘सुरक्षित जागा’ नव्हे. दुसरीकडे ‘ओपन आर्म्स’ला अडवल्याबद्दल साल्विनी यांच्यावर चाललेल्या खटल्यात पालेर्मोच्या न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये त्यांना निर्दोष सोडले. न्यायालये सरसकट एका बाजूला आहेत असे समजू नये.

आता अटकेची गरजही उरलेली नाही. जानेवारी 2023 च्या इटालियन वटहुकुमाप्रमाणे एक बचाव झाला की जहाजाने ताबडतोब नेमून दिलेल्या बंदराकडे निघायचे. बंदर दिले जाते ते राव्हेन्ना, आंकोना, जेनोव्हा असे उत्तरेकडचे, कित्येक दिवसांच्या प्रवासाचे. मोडले तर दंड आणि 20 दिवसांची जप्ती. बंदर नाकारलेले नाही, उलट दिलेले आहे. फक्त ते जहाज पुढचा आठवडा जिथे माणसे बुडतात तिथे नसते.

मालवाहू जहाजांचे हाल कमी नाहीत. ऑगस्ट 2020 मध्ये ‘मर्स्क एटिएन’ या डॅनिश टँकरने 27 जणांना वाचवले आणि ते जहाज 38 दिवस माल्टाबाहेर अडकले. असा एक कॅप्टन अडकला की दुसरा कॅप्टन काय धडा घेईल, हे सांगायला नको. मच्छीमारांना तो धडा आधीच मिळाला होता: 2007 मध्ये 44 जणांना वाचवून लांपेदुसाला आणणाऱ्या ट्युनिशियाच्या मच्छीमारांना इटलीत अटक झाली. त्यांतल्या दोन कॅप्टनना शिक्षा झाली आणि अपिलात सुटायला 2011 उजाडले.

आपल्या बाजूचा समुद्र

हा वाद फक्त युरोपचा नाही. मे 2015 मध्ये रोहिंग्या आणि बांगलादेशी लोकांच्या बोटी अंदमान समुद्रात भरकटत होत्या. थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी त्यांना पाणी-अन्न देऊन पुन्हा समुद्रात ढकलले. शेकडो लोकांना किनाऱ्यावर आणले ते आचेच्या मच्छीमारांनी. 20 मेला मलेशिया आणि इंडोनेशिया तात्पुरत्या आसऱ्याला तयार झाले. रोहिंग्या ज्या म्यानमारमधून पळाले तो बौद्धबहुल देश आहे. आपल्या वाचकांनी ही गोष्ट बाजूला ठेवून हा विषय वाचू नये.

फेब्रुवारी 2021 मध्ये अशीच एक बोट इंजिन बंद पडून अंदमानजवळ आली. भारतीय तटरक्षक दलाने ती शोधली: 81 जिवंत, 8 मृत. औषध, अन्न, पाणी दिले गेले. पण उतरवायचे कुठे? भारत म्हणाला बांगलादेशने परत घ्यावे, बांगलादेश म्हणाला ते आमचे नागरिक नाहीत. माल्टा आणि इटलीचाच संवाद, नावे वेगळी. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. समुद्रावरील बचावाचे करार मात्र भारतालाही लागू आहेत.

पायलोस, जून 2023

असे प्रकरण अभ्यासायचे तर तीन गोष्टी आधी शोधाव्यात: बोट कुणाच्या बचावक्षेत्रात होती, पहिली खबर किती वाजता मिळाली, आणि बुडेपर्यंतच्या तासांत कुणी काय केले.

‘एड्रियाना’ ही मासेमारी बोट लिबियातील तोब्रुकहून सुमारे 750 माणसे घेऊन निघाली होती. सिरिया, इजिप्त, पाकिस्तान इथले लोक. ती ग्रीसच्या बचावक्षेत्रात होती. 13 जूनच्या सकाळीच तिची खबर ग्रीसला होती, त्याच दिवशी फ्रॉन्टेक्सच्या विमानानेही तिला पाहिले होते. फ्रॉन्टेक्सने आणखी हवाई मदत देऊ केली, उत्तर आले नाही. ग्रीक तटरक्षक म्हणाले, बोटीवरच्या लोकांनीच मदत नाकारली, त्यांना इटलीला जायचे होते. समजा तसे असले तरी प्रश्न उरतो. बोट क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भरलेली, लाइफ जॅकेट नाहीत. ती संकटात आहे की नाही हे बोटीवरून कोण काय ओरडते त्यावरून ठरते, की बोटीच्या अवस्थेवरून?

14 जूनच्या पहाटे दोनच्या सुमारास ती बुडाली. 104 वाचले, सगळे पुरुष. 82 मृतदेह मिळाले, बाकीचे समुद्रात राहिले. वाचलेल्यांचे म्हणणे असे की तटरक्षकांनी दोर बांधून बोट ओढली आणि त्यातच ती उलटली. तटरक्षक हे नाकारतात. चारच दिवसांनी अटलांटिकमध्ये पाच जणांची ‘टायटन’ पाणबुडी हरवली, तेव्हा अनेक देशांची जहाजे आणि विमाने शोधाला निघाली.

पायलोसनंतर आधी पकडले गेले ते वाचलेल्यांपैकीच नऊ इजिप्शियन, तस्कर म्हणून. मे 2024 मध्ये कालामाताच्या न्यायालयाने त्यांचा खटला काढून टाकला, कारण बोट ग्रीसच्या हद्दीबाहेर बुडाली होती. मे 2025 मध्ये पिरेअसच्या नौदल न्यायालयाच्या अभियोक्त्याने ग्रीक तटरक्षक दलाच्या 17 जणांवर फौजदारी आरोप ठेवले. त्यांत त्या रात्री तिथे असलेल्या तटरक्षक जहाजाचा कॅप्टन आहे, आणि वरिष्ठ अधिकारीही आहेत.